शून्य एक्स वर्ग

नववीचं वर्ष. भद्रावती पेठ.
वह्या संपल्या की अप्पा कारखान्यातून
जेकार्डच्या बाद पट्ट्या आणायचे,
पुठ्ठ्याच्या, भोकाभोकांच्या.
पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे
आणि कधी कधी वजाचं चिन्ह
थेट भोकात पडायचं.

त्या रात्री भाज्य होता
एक्स घन वजा सात एक्स अधिक नऊ.
भाजक, एक्स वजा दोन.
तीनदा मांडला, तीनदा फसला.
एक्समधून एक्स वर्ग वजा करत बसले होते,
म्हणजे टॉवेलातून चादर.

अप्पांना एक्स ठाऊक नव्हता.
पट्ट्यांचे नंबर लावून लावून
बारीक आकड्यांवर नजर मात्र बसलेली.
"ह्याच्या डोक्यावर तीन. आन् ह्याच्या?"
"एक. लिहीत नाहीत तो."
"मग दोन कुठं गेला गं?"
"नाहीचये, अप्पा."
"नसंना का. बिनभोकाची पट्टी बी
माळंत ओवावीच लागती.
काढून टाकली की मोराची मान
पायाला चिकटती बघ."

मी लिहिलं: अधिक शून्य एक्स वर्ग.
सगळी पदं आपापल्या रांगेला लागली,
पाचव्या दिवशी नळाला
घागरी लागतात तशी.
शून्यातून वजा दोन वजा केले,
चिन्ह उलटलं, वर दोन आले.
नव्हतं त्यातूनच पुढची पायरी निघाली.
मग वजा तीन.
मग तळाशी बाकी, तीन.
तिच्यात एक्स नाही. थांबायचं.

आईनं सुपातून मान वर केली.
"उरलं म्हंजे चुकलं का?"
छाटीत गेलेल्या विड्या रोज ऐकून घ्यायची ती.
"नाही गं. उरलेलं खाली लिहायचं, झालं."
तिला पटलं नसावं.
पुन्हा पान कातरायला लागली.

व्यंकटेश भिवंडीला जाऊन
तेव्हा दोन वर्षं झाली होती.
पत्र नाही, मनिऑर्डर नाही.
रेशनवाला म्हणायचा, नाव कमी करू का?
अप्पा त्याच्या हातातून कार्ड काढून घ्यायचे.
मला वाटायचं, साखरेसाठी.

आता मी शिकवते.
मधलं पद नसलं की पोरं पुढं पळतात.
अडवते त्यांना. जागा धरा, म्हणते,
नाव लिहा, अलीकडे शून्य लिहा.
कशाला मॅडम, नाहीच तर?
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
मी फळा पुसायला घेते.

ती पट्टी अजून आहे माझ्याकडे.
शिसपेन पुसट झालंय, भोकं शाबूत.
खाली ताळा करायला जागा सोडलेली,
केलेला नाही.