छप्पन्न अंश

मे महिन्यात लकडगंजात सावलीसुद्धा पोळते.
"आज सत्तेचाळीस!" पेपरवाला म्हणाला,
जणू हा आकडा त्यानंच कमावलेला.
मी म्हटलं, अजून नऊ कमी आहेत.

लाकडाच्या गाभ्यात छप्पन्न अंश,
तेही सलग अर्धा तास.
एवढंच माझं शास्त्र, एवढीच नोकरी.
भट्टीचं दार, गाभ्यात खुपसलेली तार,
आणि शेवटी शिक्का, गव्हाच्या ओंबीचा.

दुलीचंद बोपचे बुटीबोरीहून टेंपो घेऊन आला.
परदेशी मशीनच्या खोक्याच्या फळ्या,
पिवळ्या, राळेचा वास सुटलेल्या.
"कंपनीवाले फेकूनच देऊन राह्यले होते, मॅडम.
पोरीले टेबल करतो. यंदा दहावी हाय तिची."

मी एक फळी उन्हात आडवी धरली.
शिक्का नाही.
अगरबत्ती जाईल एवढं भोक,
खाली भुकटी, गिरणीतून आत्ताच आल्यासारखी.

"एवढासा किडा! नागपूरच्या उन्हात टिकन काय?"
ऊन सालीपाशी थांबतं, भाऊ. हा गाभ्यात राहतो.
"कोन्त्या झाडाचा?"
मला माहीत नाही.
त्यालाही अजून माहीत नसेल.
इथल्या झाडांनी त्याला कधी पाहिलेलं नाही,
ती त्याला अडवणार कशी?
दुलीचंदच्या सासऱ्याची काटोलला तीनशे संत्री.
तो गप्प झाला, आणि फळ्या उतरवू लागला.

चौपन्न. पंचावन्न.
दरवेळी वाटतं ते आजही वाटलं:
ह्याचं काय चुकलं?
हा तर आपल्या घरातच होता,
घरच कुणीतरी उचलून जहाजावर चढवलं.
छप्पन्न.
अर्धा तास आम्ही कूलरसमोर उभे होतो,
ओल्या वाळ्याचा वास घेत, काही न बोलता.

फळ्या निघाल्या तेव्हा मोजल्या. नऊ.
खोक्याला तर बारा असतात.
"तीन खापरीच्या चहावाल्याले देल्ल्या, चुलीले."

संध्याकाळी स्कूटर काढली.
दोन जळल्या होत्या. बरं झालं.
तिसरी त्यानं दोन विटांवर टाकली होती,
गिऱ्हाइकांना बसायला.
चार जणांना उठवून मी ती मागितली,
पन्नास रुपये दिले, वेड्यात निघाले.

बाकड्यावर एक जुना कडुनिंब वाकलेला.
मोबाईलच्या उजेडात त्याच्या खोडावरून हात फिरवला,
खालून वर, जिथवर पोचला तिथवर.
काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी परत जाईन,
चहाच्या निमित्तानं.