सैल

पहिल्या सोमवारी मी फणी घेऊन बसले,
तीच, बारीक दातांची,
जिच्यानं पाळणाघरातली सतरा डोकी
अर्ध्या तासात विंचरून होतात.
ताडालाच्या केसांत तिचे तीन दात राहिले.
पोर रडली नाही. मान आखडून
खिडकीतून फतेगंजच्या रिक्षा बघत बसली.
ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी तिच्या आईनं, म्वायीनं,
ते दात बोटांनी एकेक करून काढले
आणि माझ्या तळहातावर ठेवले.
बोलली काहीच नाही.
रविवारी मात्र आली, हातात फवाऱ्याची बाटली,
काच पुसायला असते तसली,
आणि माझ्याच पायरीवर बसली, पोर दोन गुडघ्यांत.

आधी पाणी. मग खोबरेल, तळव्यावर चोळून.
कंगवा मोठ्या दातांचा, आणि तोही टोकापासून,
मग थोडं वर, मग आणखी थोडं,
मूळ सगळ्यात शेवटी.
(म्हणजे जन्मभर मी उलटी विंचरत आले.)
केसांचे चौकोन पाडायचे, मेथीचे वाफे पाडतात तसे,
एका वाफ्याचे दोन पेड,
एकावर एक पीळ, टोकापर्यंत.
मणी नकोत, हे वय सगळं तोंडात घालायचं.
आणि कपाळाशी, कानामागे,
जिथं केस अजून नुसती लव,
तिथं, ती म्हणाली, "ढीलुं."
गुजराती तिचं माझ्या इंग्रजीइतकंच.
"ढीलुं, बेन. ढीलुं."

सैल.
माझ्या आईच्या हातांना हा शब्द ठाऊक नव्हता.
साडेदहाची शाळा, दोन वेण्या, लाल रिबिनी,
इतक्या आवळून की भुवया वर चढायच्या
आणि बाई विचारायच्या, काय गं विभा,
रोज कसलं आश्चर्य वाटतं तुला?
कानशिलांवर अजून दोन दोन बोटं जागा मोकळी आहे.
मी केस पुढे ओढून घेते.

रात्री कापूस नको, उशी केसांतलं पाणी पिते.
मंगळबाजारात पाव मीटर साटीन मागितलं.
दुकानदार म्हणाला, अस्तराला?
म्हटलं, झोपेला.

सोहमची आई, हेतलबेन, चप्पल घालता घालता:
जावळ काढून टाका ना हिचं एकदाचं,
नवे येतील ते सरळ येतील.
मी म्हटलं, ह्यांत वाकडं काय आहे?
म्हटलं खरं, पण महिन्यापूर्वी
हेच वाक्य माझ्या जिभेवर होतं,
ते तिला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत म्वायी दाहोदला गेली,
चार दिवस, मातीचे नमुने आणायला.
बुधवारी पोर सयाजीबागेत वाळूत लोळली
आणि सगळे पीळ सुटले.
मी पंखा बंद केला. बाटली भरली.
दोन केळी, अर्धा पुडा बिस्किटं,
हत्तीच्या चित्राचं पुस्तक अकरा वेळा.
मध्ये ती झोपली, माझ्या मांडीवर गाल टेकून,
तेव्हा मानेकडचे चार उरकले.
डोकं हातात धरलं की कळतं किती गरम असतं ते,
नुकत्याच उतरवलेल्या भाकरीएवढं.
प्रत्येक पिळाला बोट घालून बघत होते:
आत जातंय ना? जातंय.
दिवेलागणीला मोजले. तेरा.
भांग एकही सरळ नाही, एक तर
मांडवीहून निघून कुठं हरवलेली गल्ली.

शनिवारी म्वायी परतली, बुटांना लाल माती.
पोरीचं डोकं हातांत धरून तिनं गोल फिरवलं,
मागून, पुढून, दिव्याखाली.
हसली. मग कानामागचा एकच पीळ सोडला
आणि पुन्हा घातला, माझ्यापेक्षाही सैल.
बाकीचे बारा राहू दिले.