चावी जवळ नाही

नाशिकरोड स्टेशनबाहेर तो उतरला.
भुसावळच्या गाडीला चार मिनिटं होती.
बॅग ओढली, दार आपटलं,
"पोचलो की फोन" एवढंच काचेतून आत आलं.
इंजिन चालूच. मी पलीकडून येऊन
सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, पहिला टाकला.

गाडी एकदा टुण्ण वाजली.
पट्ट्यासाठी असेल. पट्टा लावला.

दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर,
दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा,
बिनतक्रार आली माझ्याबरोबर.
जिची चावी ज्याच्या खिशात
तो एव्हाना ओढा ओलांडत होता.

द्वारकेला सिग्नल सुटला
आणि माझा क्लच त्याच्याही आधी.
एक आचका. मग शांत.

बंद पडली तर पडली, एरवी काय!
जुन्या गाडीत बोटांना पाठ होतं:
मागे, पुढे, घर्र,
मागच्याचा हात हॉर्नवर जायच्या आत.
इथे क्लच तळापर्यंत दाबून बटण दाबलं.
पडद्यावर सभ्य पांढरी अक्षरं:
चावी जवळ नाही.

पुन्हा दाबलं. लिफ्टचं दाबतात तसं,
जोरात दाबल्याने लवकर येईल म्हणून.

मागे द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटचा टेम्पो.
त्यातून एक काका उतरले.
"चावी फिरवा ना ताई."
फिरवायची नसते हिची. जवळ असावी लागते.
"मग कुठंय?"
ह्यांच्या खिशात.
"हे कुठंयत?"
खेरवाडीच्या पुढे असतील.
काकांनी पूर्वेकडे पाहिलं, जणू रूळ दिसणार होते.
"मग इथवर चालली कशी?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

न्यूट्रल केली. मी दारातून स्टिअरिंग धरलं,
मागून काका आणि एक ट्रॅफिक हवालदार.
पुलाच्या खांबापाशी लागली एकदाची.
निवृत्ती गायखे, पळसे, असं म्हणाले नाव विचारल्यावर.
"दुसऱ्यात टाकून धक्क्यावर घेतली असती,
पण हिला आधी खिसा पायजे."
त्यांची चावी सुतळीत ओवलेली,
दात झिजून म्हाताऱ्याच्या हिरडीसारखे.
"ही हरवली तरी घराच्या कुलपाची चालते.
एकदा मंडळींची पिन लावली, तर तिनंही!"
अभिमान होता की तक्रार, कळेना.

फोन लागला. "अगं, पण चालू होती ना?"
मग खिसा चाचपल्याचा आवाज,
मग नुसता डब्याचा.
निफाडला उतरू का, त्याने विचारलं.
नको, म्हटलं. खरंच नको होतं.

रिक्षाने इंदिरानगर. लॅचची चावी.
तांदळाच्या डब्यामागची, कपाटाची.
मग लॉकरची, बारकी,
जी उलटी घालून जरा उचलावी लागते,
किती, ते सांगता येत नाही, उचलता येतं.
आत दुसरी चावी, अजून कंपनीच्या पिशवीतच.
आणि तिच्याखाली
जुन्या गाडीची.

विकली तेव्हा दोन्ही द्यायच्या होत्या.
एक हरवली, असं मी सांगितलं, ह्यालाही.
काळ्या मुठीवर माझ्या अंगठ्याएवढा खळगा,
अकरा वर्षांचा.
सिन्नरला कुठेतरी एक गाडी आहे
जी अजून माझं ऐकेल.

दोन्ही पर्समध्ये टाकल्या.
द्वारकेला आले, क्लच दाबला, बटण दाबलं,
सुरू झाली, काही झालंच नव्हतं अशी.
पण त्याआधी हवेतल्या हवेत
उजवं मनगट एकदा वळून गेलं होतं.

गाडीमागे कुणी ठोकू नये म्हणून
गायखेकाकांनी एक क्रेट उभा करून ठेवला होता.
तो आता आमच्या बाल्कनीत आहे.
कुठे परत करायचा,
विचारायचं राहिलं.