वाऱ्याचा मोजा

धावपट्टीवरचा जुना मोजा फाटला,
नवा मुंबईहून यायला दोन महिने,
म्हणून ऑफिसातले वानखेडे माझ्या दुकानी आले.
"टेलर, पायजम्याचा एकच पाय शिवायचा समजा.
वर रुंद, खाली अरुंद, दोन्ही तोंडं उघडी.
वारा शिरला पाहिजे, निघाला पाहिजे."

शिवला. नारिंगी-पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा.
मांडववाल्या सुपडूकडचं कापड उरलेलं, जाडजूड.
दुहेरी शिलाई, काठाला सुतळी.
मला मजबुतीचं वेड आहे.
माझ्या हातची दप्तरं
पोरांना पोरं झाली तरी चालतात.
खांबावर चढवला, तर गोंदूरच्या माळावर ऐटीत लोंबला.
लोंबला,
हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

चैत्रातली सकाळ, साडेदहा.
दोंडाईचाच्या मिरचीवाल्या शेठचं विमान,
चार माणसांचं, पोटावर निळी रेघ,
आत एकटे कॅप्टन रेवणकर.
हा माणूस विमान सुईसारखं धरतो,
दोन बोटांत.
त्या दिवशी बसेचना.
डांबर चार हात खाली, आणि ते आपलं तरंगतंय,
पाव पट्टी, अर्धी पट्टी,
पंगतीत बसा म्हटलं की नको-नको करणाऱ्या पाहुण्यासारखं.
मग टेकलं. उडालं. टेकलं.
तिसऱ्यांदा नाक आधी.
पुढचं चाक मुडपलं, पंखा जमिनीत,
कुंपण, चारी, कांदा.

धूळ बसली तेव्हा पंख्याची पाती
मागे वळलेली,
केळफुलाची पाकळी वळते तशी.
हिराबाई विळा टाकून धावली,
"जित्ता शे ना रे भाऊ?"
दार उघडलं. कपाळभर रक्त, पण माणूस उभा.
म्हणाला, "सॉरी, तुमचा कांदा."
तिनं आधी पाणी पाजलं.
वाफे नंतर मोजले. सात.

मी वर बघत होतो.
वीटभट्टीचा धूर पूर्वेला वाकलेला.
हिराबाईचा पदर पूर्वेला.
माझा मोजा
खांबाला चिकटून, ओल्या टॉवेलसारखा.
त्यानं वर सांगितलं होतं, वारा नाही, ये.
वारा होता.
पाठीमागून होता.

मुंबईहून दोघे आले.
टेप लावून चाकांच्या खुणा मोजल्या,
पाती मोजली, पेट्रोल बाटलीत भरून नेलं,
चहावाल्याचाही जबाब घेतला.
सगळं मोजलं, मोजा सोडून.
त्यांनी वर पाहिलं असेल तर संध्याकाळी,
तेव्हा वारा जोराचा,
आणि तो आडवा ताठ, शाळा तपासणीतल्या पोरासारखा.
कागदावर आलं, वेग जास्त, अंदाज चुकला.

त्या रात्री शिडी लावली.
वॉचमन दगाजी बॅटरी धरून, काही न विचारता.
जुना उतरवून उसवला. अस्तराच्या कापडाचा नवा केला,
एकेरी शिलाई, सुतळी नाही.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
टिकणार नाही असं काहीतरी शिवलं,
आणि ते बरोबर होतं.
दगाजीनं खालून फुंकर मारली.
हलला.
आता जरा येडाच झालाय, बैल शिंकला तरी उठतो.

महिन्यानं कॅप्टन आले, उसवलेली बाही घेऊन.
मी आधी कपाळावरचे टाके बघितले.
पाच, सारख्या अंतरावर.
धुळ्याच्या डॉक्टरचा हात चांगला.
"वारा समजला नाही मला, टेलर."
मशीनचं चाक हातानं फिरवत मी म्हटलं,
"बसा, लगेच देतो."

बाही शिवली. पैसे घेतले नाहीत.
त्यांनी का म्हणून विचारलं.
दातात दोरा होता.
तोडायला बराच वेळ लावला.