पऱ्हाटीची साखर

लाकूड म्हणजे साखरच,
सर एकदा वर्गात म्हणाले होते,
फक्त घट्ट हात धरून उभी राहिलेली.
मी तेव्हा मागे बाटल्या पुसत होतो.
प्रयोगशाळा सहायक, घाटंजीजवळचं कॉलेज,
एकोणीस वर्षांत मला विचारला गेलेला प्रश्न एकच :
चावी कुठाय?

सर रिटायर झाले. वाक्य कपाटात राहिलं.

फाल्गुनात शेतं मोकळी झाली,
बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग.
काटकुळ्या काड्या, उपटल्या तरी
रिकाम्या बोंडांची टरफलं न सोडणाऱ्या.
एक भारा सायकलला बांधून आणला.
प्राचार्य म्हणाले, लॅबमध्ये चूल मांडतोस का?

गिरणीवाल्या गणवीरने दळून द्यायला नकार दिला.
मग दोन रविवार उखळ.

गंधकाचं आम्ल तेलासारखं उतरतं,
आवाज नाही, घाई नाही.
चुरा तांबूस झाला, मग काळा,
मग चुरा उरलाच नाही,
ओल्या काळ्या मातीसारखा चिखल झाला
आणि शर्टाच्या बाहीला दोन भोकं.
काचेच्या कांडीने ढवळत मी पुटपुटत होतो :
सोडा.
सोडा आता हात.

तो चिखल पाण्यात ओतला. पाणी त्यात नाही,
हे मात्र झोपेतही चुकत नाही.
मग उकळायला ठेवलं.

पहिल्यांदा फार उकळलं.
साखर सुटली आणि सुटल्या पायी पुढे निघून गेली.
कडू बदामाचा वास खोलीभर,
यवतमाळहून आणलेलं यीस्ट
तीन दिवस तळाशी निपचित.
वहीत लिहिलं : दोन तास फार झाले.

दुसऱ्यांदा लवकर उतरवलं.
आंबटपणा मारायला चुना हवा होता,
पानठेल्यावरचा नेवारे म्हणाला,
एवढा? खर्रा विकतोस का?
पांढरा गाळ खाली बसला.
निळा लिटमस निळा राहिला, लाल लाल.
बेनेडिक्टचं निळं पाणी ज्योतीवर
आधी हिरवं,
मग पिवळं,
मग थेट कौलाच्या रंगाचं.
मी दार लावून घेतलं आणि एकटाच हसलो.

कॉलेज झाडायला येते इमलाबाई कुमरे.
चैत्रात पहाटे मोह वेचते.
वेचलेल्या मोहाचं पुढे काय होतं
ते सगळ्या गावाला ठाऊक, आणि कुणालाच नाही.
मी नको म्हणेपर्यंत तिनं बोट बुडवलं, चाटलं.
"गोड हाय. पन मारून काढल्यावानी गोड.
मोह कसा, सोताहून पडते, सोताहून देते."
माझं यीस्ट पुन्हा गप्पच होतं.
दुसऱ्या दिवशी तिनं पदराआडून एक डबी दिली,
तिच्या मडक्याच्या तळचा गाळ.
"याले काईबी चालते.
कुठून आनला म्हून इचारू नको."

रात्री बाटलीच्या तोंडाशी कान लावला.
आत कुणीतरी बारीक बारीक बोलत होतं.

काचेच्या नळीतून दोनदा गाळलं.
एका भाऱ्याचं, किती म्हणाल? चार चमचे.
त्यातला एक चमचा घड्याळकाचेवर ओतला,
खिडकी लावली, काडी ओढली.
निळी ज्योत. धूर नाही. राख नाही.
इमलाबाई वाकली, पापणी न हलवता पाहत राहिली,
रोज पऱ्हाटीच्या धुरात चोळून लाल झालेले तिचे डोळे
त्या उजेडात क्षणभर कोरडे.

ज्योत विझली.
तिनं झाडू उचलला.
"म्हंजे इतका कुटाना करून
शेवटी जाळलंच ना?"

मी वहीत तारीख टाकली.
खाली काय लिहावं ते सुचेना,
म्हणून उरलेले चमचे लिहिले :
तीन.
सकाळी मोजले तेव्हा दोन.