चुना कमी पडला

तांबट आळीत झोप ठोक्यांवर लागायची.
ठोके थांबले की जाग यायची,
आणि त्या वर्षी ते ऐन दुपारी थांबू लागले.
घरोघरी स्टील आलं होतं.
बाबांची हातोडी फळीवर आडवी.

आई मोहाडीला जाऊ लागली, द्राक्षाच्या विरळणीला.
सकाळी सहाचा टेम्पो, बारा बायका, बारा डबे
आणि शाळा बुडवलेली मी.
घडातले काही मणी कापायचे,
उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची.
माझ्या हाती कात्री देत नसत.
मी पिंपांजवळ बसायचे.

एका पिंपात चुन्याची निवळी,
दुसऱ्यात मोरचूद. त्या निळ्याला
तेव्हा शब्द सापडला नव्हता,
अजूनही नीट सापडलेला नाही.
फवारणीचे रंगनाथमामा
(चौथी नापास, असं स्वतःच सांगायचे)
दोन्ही एकत्र ओतून काठीनं ढवळायचे,
मग कमरेचा विळा काढून बुडवायचे
आणि शंभर मोजायचे. नुसते ओठ हलायचे.

विळा वर आला तो तांबूस.
"चुना कमी पडला," मामा म्हणाले.
तांब्याभर निवळी ओतली, पातं मातीत घासलं,
पुन्हा बुडवलं, पुन्हा शंभर.
या वेळी विळा विळ्यासारखाच.
"आता मारा फवारा. आता पान जळायचं नाही."

मी पानाकडे बघतच नव्हते.
पात्यावर जे चढलं होतं ते माझ्या घरचं होतं.
तांबटाच्या पोरीला तांबं ओळखायला
कुणी शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याला बांधून
मोरचुदात घराची किल्ली सोडली.
लोखंडी, काळी, बोटभर लांब.
वर आली ती लग्नाला निघाल्यासारखी.
टेम्पोत मूठ उघडली नाही. हिशोब चालला होता:
एवढ्याशा पाण्यात एक किल्ली,
तर पिंपात किती हंडे?

बाबांनी नखानं खरवडली.
"लोखंडच आहे गं. वरून नुसतं पांघरूण."
मग बल्बखाली धरली, उलटसुलट केली,
आणि तीस वर्षं तांबं ठोकलेला माणूस म्हणाला,
"पण हे आलं कुठून? पाणी तर निळं होतं."
आई म्हणाली, आधी कुलूप उघडतंय का बघा.
कुलूप अडलं. मला दोन धपाटे.
"मला नाही ठाऊक," बाबा म्हणाले,
धपाट्यांनंतर, बऱ्याच वेळानं,
किल्ली अजून हातातच.
मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य
मी पहिल्यांदा ऐकलं,
आणि त्यात लाज नव्हती.

परवा सराव पाठ होता. नाशिकरोड, आठवी ब.
विस्थापन अभिक्रिया.
शेवटच्या बाकावर निरीक्षक मॅडम, मांडीवर तक्ता.
खिळा तांबूस झाला, मुलं "ओ" म्हणाली,
सगळं टाचणात लिहिल्याबरहुकूम.
मग तेजल अहिरराव उठली:
"मॅडम, उलटं होतं का?
लोखंडाच्या पाण्यात तांबं बुडवलं तर?"

उत्तर मला येतं. एका ओळीचं आहे.
ओठांपर्यंत आलंही होतं,
तेवढ्यात मामांचे ओठ आठवले.
पिशवीतून बाबांनी दिलेली पट्टी काढली,
हिराकशीच्या पाण्यात सोडली.
म्हटलं, "मोजा."

शेरा असा आहे:
विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.
वेळेचे नियोजन सुधारावे.
दोन गुण वजा.

घंटा झाली. शंभर झाले, तीनशे झाले.
पट्टी जशीच्या तशी.
काही म्हणजे काहीच झालं नाही,
आणि ते बघायला
मधल्या सुट्टीत, डबे न उघडता,
एकवीस पोरं टेबलाभोवती उभी होती.