ताळा

पागनीस म्हणायचे, पहिली नोंद
यंत्र कोरं असताना घ्यायची,
तार जोडायच्या आधी.
एकदा तार लागली की पुढचं सगळं ऐकीव.

त्यांनी ती घेतली होती, रामबागेतल्या या बँकेच्या
वरच्या मजल्यावर, एका रविवारी,
म्हणे दाराला आतून कडी लावून.
एकेका फाइलचं नाव, आकार, मालक,
कुणी वाचावी, कुणी लिहावी, कुणी नुसती चालवावी,
शेवटचा हात कधी लागला,
आणि खाली ताळा, चौसष्ट अक्षरांचा,
जो कुणालाच पाठ होत नाही.
सगळं अशा तबकडीवर
जिच्यावर दुसऱ्यांदा लिहिता येत नाही.
तबकडी कपाटात. किल्ली चष्म्याच्या घरात.
ते निवृत्त झाले, आता माझ्या.

रोज पहाटे चारला यंत्र
आजचं जग त्या रविवाराशी लावून बघतं
आणि लिहितं: फरक नाही.
तेवढ्यावर मी चहा टाकते.

आज एक ओळ आली.
नाव तेच. मालक तोच.
आकारात एका बाइटचाही फरक नाही.
तारीखसुद्धा जुनीच, मागच्या दिवाळीची.
ताळा मात्र जमत नाही.

कुणीतरी येऊन, काम करून,
जाताना घड्याळ मागे फिरवून गेलं.
पण आत आणखी एक घड्याळ असतं,
ते सहसा कुणाच्या हाताला लागत नाही.
त्यात आजचीच रात्र. बारा एक्केचाळीस.

बारा एक्केचाळीसला मी सराफ्यात होते.
वसुधा म्हणाली, गराडू, पाचच मिनिटं, चल ना.
दिवसा जिथे सोनं तोलतात
त्याच ओट्यावर कढई.
वर पाटी तीच, शटरला कुलूप तेच,
मीच म्हणाले, बघ, पत्ता तोच आणि दुकान दुसरंच,
आणि आम्ही हसलो.
इकडे स्क्रीन उघडा. माझ्या नावाने. खुर्ची रिकामी.
बोटांना अजून जिरावनचा वास आहे.

एक कमांड असते.
ती दिली की आज हाच पहिला दिवस ठरतो.
कपाटात सात कोऱ्या तबकड्या आहेत.
उद्या चारला पुन्हा: फरक नाही.
खाली भगीरथ पहारेकरी घोरतोय,
मी गेलेली त्याला आठवणारही नाही.

कपाट उघडलं. तबकडीखाली त्यांची वही,
शेवटच्या पानावर शाईने
तबकडीचाच ताळा उतरून ठेवलेला, दोन ओळींत,
आणि त्याखाली, बारीक अक्षरात:
‘त्या रविवारी मी दोनदा खाली जाऊन आलो.
दार नुसतं ओढलं होतं.’

किती वर्षं मी त्या कडीवर चहा प्यायले.

पेन शोधलं. त्यांच्या ओळीखाली लिहिलं:
शुक्रवार, रात्री १२.४१. जागेवर नव्हते. सराफा.
सही करताना नाव जरा वाकडं आलं,
तसंच ठेवलं.

मग मॅनेजरांना फोन लावला.
वाजतोय.